पिंपळवंडीचे ससे आणि घाटघरचा ससा

नानासाहेब भालेराव पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते. भरावावरून सायकल हाकत जायचं, कुठं भगदाड पडलंय का बघायचं, कुणी चोरून पाणी घेत असेल तर त्याला समजवायचं, नाहीच ऐकलं तर वर कळवायचं, असं त्यांचं काम. वर कळवायची वेळ फारशी आली नाही, कारण माणूस मुळात गोड बोलणारा. दोन हजार एक साली ते रिटायर झाले. ऑफिसातल्या लोकांनी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ पिंपळवंडीच्या घरात लागलं, आणि दिवस केवढा मोठा असतो हे नानांना पहिल्यांदा कळलं.

घरात तसं काही कमी नव्हतं. थोडी जमीन होती, त्यात कांदा आणि जनावरापुरता लसूणघास. मुलगा कपिल चाकणला कंपनीत होता, सुट्टीला घरी यायचा. सून रत्ना ओतूरच्या कॉलेजात बारावी सायन्स झालेली. पुढं शिकायचं होतं, पण लग्न ठरलं आणि राहून गेलं. नानांच्या पत्नी जानकाबाई शेतात नानांपेक्षा जास्त राबायच्या. नाना शेतात गेले की बांधावर बसून पाटाचं पाणी कसं चाललंय तेच बघत बसायचे. जानकाबाई म्हणायच्या, "अवो, सरकारनं तुमाला सोडलं, आता तुमी पाण्याला सोडा."

त्या वर्षी नारायणगावला शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. नाना ट्रॅक्टर बघायला म्हणून गेले आणि जाळीच्या खोक्यात ससे घेऊन आले. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. न्यूझीलंड व्हाइट असं जातीचं नाव नानांनी वाटेत पाठ केलं होतं.

"कोंबड्या तरी आणायच्या व्हत्या," जानकाबाई म्हणाल्या. "कोंबडी अंडं देती."

"हे पिल्लं देत्यात. लई देत्यात."

"आन पिल्लांचं काय करायचं?"

"आधी होऊ तर दे," नाना म्हणाले.

वेल्डरकडून जाळीचे पिंजरे करून घेतले, परसात पत्र्याच्या शेडमध्ये ते मांडले. हिवाळा छान गेला. ससे लसूणघास खायचे, गाजराचा पाला खायचे, आणि नाना समोर खुर्ची टाकून त्यांची तोंडं हलताना बघायचे. मग उन्हाळा आला. चैत्र संपता संपता पत्रा असा तापू लागला की शेडमध्ये पाऊल ठेववेना. ससे आडवे पडून धापा टाकू लागले. नानांनी ओली गोणपाटं टांगली, मातीच्या परळात गार पाणी ठेवलं, तरी एका दुपारी दोन ससे गेले. त्यानंतर एक मादी व्याली. पिल्लं लालसर, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. जाळीच्या तळावर ती इकडेतिकडे विखुरली होती आणि सकाळपर्यंत एकही जिवंत राहिलं नाही.

नानांनी त्यांना शेवग्याच्या झाडाखाली पुरलं. त्या दिवशी ते जेवायला बसले नाहीत. जानकाबाईंनी ताट झाकून ठेवलं.

पण नाना विचार करत होते. कालव्यावर फिरताना त्यांनी आयुष्यभर रानातले ससे बघितले होते. भर उन्हात पायाला चटका बसावा असा मुरूम, आणि तिथं एखाद्या झुडपाच्या सावलीला कान पाठीला चिकटवून ससा खुशाल बसलेला. त्याला ना पत्रा, ना गोणपाट. त्याचं रक्त आपल्या पांढऱ्यांत आलं तर? दोघंही ससेच की. गावठी गाईला जर्सीचं रेतन करतात, तसंच हे, फक्त उलट्या बाजूनं.

घाटघरचा गेणभाऊ हा नानांचा जुना दोस्त. कालव्याच्या दुरुस्तीवर एका हंगामात तो मजुरीला होता, तेव्हापासूनची ओळख. दर वर्षी दसऱ्यानंतर नाना त्याच्याकडं तांदूळ आणायला जायचे. त्या वर्षी ते गेले तेव्हा गेणभाऊ उतारावर गवत कापत होता. नाना पण विळा घेऊन शेजारी बसले. कापता कापता गेणभाऊचा हात थांबला. गवताच्या मुळाशी थोडी खोलगट जागा होती आणि त्यात मूठभर पिल्लू बसलं होतं. हललं नाही, पळालं नाही, नुसतं डोळे उघडे ठेवून बघत होतं.

"राहू द्या नाना," गेणभाऊ म्हणाला. "आई येती संध्याकाळची पाजायला."

नानांनी विळा खाली ठेवला. मग म्हणाले, "गवत तर तू कापलंस. आता याला आडोसा कुठला? घारीनं उचललं तर?"

ते पिल्लू नानांच्या डब्याच्या पिशवीतून, टॉवेलात गुंडाळून, एस.टी.नं पिंपळवंडीला आलं. कंडक्टरनं विचारलं, "नाना, पिशवी का हलतीय ती?"

"पावणं हायेत," नाना म्हणाले. "तिकीट लागंल का?"

रत्नानं कापसाचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून त्याला पाजलं. दोन दिवस त्यानं तोंड फिरवलं, मग चोखायला लागलं. पाजता पाजता तिच्या लक्षात एक गोष्ट आली.

"मामा, आपल्या पांढरीची पिल्लं उघडीनागडी व्हती ना? डोळे पण मिटलेले. हे एवढंसं हाय, तरी अंगभर केस आणि डोळे टक्क उघडे. पळतंय पण."

"डोंगरातलं हाय ते," नाना कौतुकानं म्हणाले. "डोंगरातली पोरं लवकर पायावर उभी राहत्यात."

त्याचं नाव रत्नानं घाटघऱ्या ठेवलं. घाटघऱ्या नर निघाला, म्हणून नाना खूश झाले. तो वाढला तसा मात्र पांढऱ्यांपेक्षा निराळा दिसू लागला. लांबलचक पाय, अंग शेलाटं, मानेवर काळा डाग. पिंजऱ्यात ठेवला तर अशी उडी मारायचा की नाक जाळीवर आपटून सोलून निघायचं. शेवटी नानांनी त्याला शेळीच्या गोठ्यात एक कोपरा अडवून दिला. रत्नाच्या हातून तो खायचा, पण मांडीवर कधी बसला नाही.

तो मोठा झाल्यावर नानांनी एक पांढरी मादी त्याच्या कोपऱ्यात सोडली आणि दाराआडून बघत बसले. मादी पुढं गेली, त्याला हुंगलं, मागचा पाय जमिनीवर आपटला. घाटघऱ्यानं सरळ शेळीच्या पाठीवरून उडी मारली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तेच. दुसरी मादी आणली, तरी तेच. पाऊस आला, गेला, थंडी आली.

"अवो, त्याला पोरगी पसंत न्हाई," जानकाबाई म्हणाल्या. "उगं बळंच कशाला लावताय?"

कपिल सुट्टीला आला की हसायचा. नानाही हसायचे, पण आतून खट्टू व्हायचे. एवढा सोपा विचार, आणि तो का जमत नाही हे कळेना.

रत्ना एकदा माहेरच्या कामाला ओतूरला गेली होती, तिथं एस.टी. स्टँडवर तिला आरती मॅडम भेटल्या. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांचं घर ओतूरच्या जुन्या बागायतदारांपैकी, पण मॅडम मात्र स्कूटीवर झाडंझुडपं, बेडूक, किडे शोधत फिरायच्या, म्हणून सगळ्या तालुक्याला ठाऊक. रत्नानं त्यांना घाटघऱ्याची सगळी हकीकत सांगितली. मॅडम म्हणाल्या, "रविवारी येते. मला त्याला जवळून बघायचंय."

रविवारी त्या आल्या. अंगणात खाट टाकली होती. जानकाबाई सुपात मूग पाखडत होत्या. मॅडमनी आधी घाटघऱ्याला गोठ्याच्या दारातून बराच वेळ बघितलं, मग पांढऱ्या मादीला मांडीवर घेतलं.

"नाना, तुमची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "घोटाळा आपल्या भाषेचा आहे. आपण दोघांनाही ससा म्हणतो. इंग्रजीत ह्या पांढरीला रॅबिट म्हणतात आणि तुमच्या घाटघऱ्याला हेअर. दोन वेगळे प्राणी आहेत."

"दिसायला तर भाऊभाऊ."

"नातं आहेच. थांबा, दाखवते." त्यांनी मादीचा वरचा ओठ अलगद वर केला. "रत्ना, ह्या पुढच्या दातांच्या मागं बोट लाव. काय लागतंय?"

"आणखी दोन दात," रत्ना म्हणाली. "बारके, काडीसारखे."

"तेच. उंदराला, घुशीला, खारीला ते नसतात. पूर्वी शास्त्रज्ञ सशाला उंदरांच्याच गणात धरायचे, कारण दोघंही कुरतडतात. मग ह्या मागच्या दातांवरून आणि बाकीच्या हाडांवरून ठरलं की सशांचा गण निराळा. त्याला लॅगोमॉर्फा म्हणतात. घाटघऱ्यालाही असेच दात आहेत. म्हणजे दोघांचा गण एक, कुल पण एक. पण पुढं वाटा फुटतात. प्रजाती वेगळी आणि जात वेगळी."

जानकाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. नानांनी मॅडमकडं बघितलं.

"जनावरातबी जात हाय का?" ते हळूच म्हणाले.

मॅडम क्षणभर गोंधळल्या. कुणाच्या अंगणात बसून आपण कुठला शब्द बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्या सावरून म्हणाल्या, "आमच्या शास्त्रातली जात वेगळी, नाना. साधा हिशोब आहे. ज्यांना आपापसात पिल्लं होतात, आणि त्या पिल्लांनाही पुढं पिल्लं होतात, ते सगळे एका जातीचे. पांढरा ससा, काळा ससा, लोंबत्या कानांचा ससा, जगातल्या कुठल्याही देशातला पाळीव ससा आणा, तुमच्या पांढरीला त्याच्यापासून पिल्लं होतील. म्हणून ती एक जात. घाटघऱ्यापासून कधीच होणार नाहीत. म्हणून ह्या दोन जाती."

नानांनी ते मनात फिरवून बघितलं. मग विचारलं, "आन माणूस?"

"माणूस सगळा मिळून एकच जात. कुठलाही पुरुष, कुठलीही बाई. पृथ्वीवर कुठंही जा."

"असं पुस्तकात हाय?"

"पुस्तकात आहे. परीक्षेत विचारतात."

मांडीवरची मादी मॅडमच्या ओढणीचं टोक चघळायला लागली तरी कुणी हललं नाही.

"छप्पन्न साली दीक्षा झाली तवा मी तेरा वर्षांचा व्हतो," नाना म्हणाले. "आमच्या वडलांनी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं, आजपासून आपण जात मानायची न्हाई. मला आजवर वाटायचं, ते आपण ठरवलं म्हणून तसं. हे तर आधीपासूनच तसं व्हतं म्हणायचं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "आधीपासूनच."

"रत्ना, चहा टाक," जानकाबाई म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

चहा पिताना मॅडमनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली नानांना आवडली नाही. रानातला ससा घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, त्याला सोडावं लागेल. दुसरी गोष्ट रत्नाच्या प्रश्नावरून निघाली. पिल्लं एवढी निराळी का, असं तिनं विचारलं होतं.

"घाटघऱ्याची जात उघड्यावर विते," मॅडम म्हणाल्या. "बीळ नाही, घर नाही. म्हणून पिल्लू जन्मतःच तयार लागतं. पाळीव सशाचे पूर्वज मात्र जमिनीखाली बिळं करून राहणारे. आत अंधार, गारवा, कुणाची भीती नाही. म्हणून पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मली तरी चालतं."

"म्हणजे ह्यांना माती पाहिजे," रत्ना म्हणाली, "आन आपण त्यांना जाळीवर ठेवलं, पत्र्याखाली."

नानांनी कप खाली ठेवला आणि परसाकडं बघितलं.

घाटघऱ्याला सोडायचं काम त्यांनी लांबवलं नाही. मॅडमनी वनरक्षकाच्या कानावर घातलं होतं. तो घाटघरला आला, नानांना म्हणाला, "पुन्हा पिल्लू दिसलं तर हात लावू नका, आई जवळपासच असती," आणि एवढ्यावरच थांबला. मॅडमच्या सल्ल्यानं गेणभाऊनं घरामागं झुडपांचा एक तुकडा काट्यांनी अडवून ठेवला होता. तिथं काही दिवस घाटघऱ्याला ठेवलं, म्हणजे रानातला चारा तोंडाला लागेल. नाना गेणभाऊकडंच राहिले. घाटघऱ्या रोज त्यांच्या हातचं कमी खाऊ लागला आणि गवताचं जास्त. ते बघून नानांना बरंही वाटायचं आणि वाईटही.

एका संध्याकाळी त्यांनी काटे बाजूला केले. घाटघऱ्या मोकळ्या जागेसमोर बसून राहिला. कान उभे केले, आडवे केले. नाना मागं उभे होते. त्यांना वाटलं, हा काही जाणार नाही. तेवढ्यात तो उठला, दोन लहान उड्या मारल्या, आणि मग अशी धाव घेतली की गवत हललेलंच तेवढं दिसलं. गोठ्यात त्याला कधी असं पळता आलं नव्हतं.

"गेला," गेणभाऊ म्हणाला.

"काय पळतोय राव," नाना म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी टॉवेल काढला, पण आवाज खुशीचा होता.

पिंपळवंडीला परत आल्यावर नानांनी कुदळ घेतली. शेवग्यापलीकडं, सावलीच्या बाजूला, त्यांनी कमरेइतका खड्डा खणला. जुन्या बाजारातून गळके रांजण आणले, ते आडवे पुरले, त्यांच्या तोंडाला सिमेंटचे फुटके पाइप जोडून वर वाट काढली. भोवती जाळी खोल गाडली, म्हणजे उकरत उकरत ससे पार बाहेर निघायला नकोत. वर उसाचं पाचट आणि त्यावर माती. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून उतार कसा काढायचा, ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. जानकाबाई घमेल्यानं माती ओढायला लागल्या.

"जन्मभर कालव्याला पडलेली बिळं बुजवत फिरलात," त्या म्हणाल्या, "आन आता सोता बिळं पाडताय."

"ती खात्याची बिळं व्हती," नाना म्हणाले. "ही घरची हायेत."

पांढरे ससे पहिल्या दिवशी वरच घुटमळले. दुसऱ्या दिवशी एक मादी पाइपात शिरली, आणि मग सगळेच खाली. पुढच्या उन्हाळ्यात पत्रा तसाच तापला, पण शेडमध्ये कुणी नव्हतंच. दुपारी नाना पाइपाच्या तोंडाशी हात धरायचे, आतून गार वारा यायचा. वैशाखात एक मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून तोंडात धरून आत नेऊ लागली. नानांना वाटलं आजारी पडली. रत्ना म्हणाली, "बाळंतपणाची तयारी करतीय, मामा. तुमी तिकडं बसा." बरेच दिवस खाली काय चाललंय ते दिसलं नाही आणि नानांनी उकरून बघितलंही नाही. मग एका सकाळी पाइपातून एक पांढरं तोंड बाहेर आलं, त्यामागं दुसरं, तिसरं. नाना खुर्चीवरून उठले आणि जानकाबाईंना बोलवायला गेले. हाक मारली तर पिल्लं दचकतील, म्हणून चालतच गेले.

तेव्हापासून गाव त्यांना ससेवाले नाना म्हणू लागलं. पिल्लं ओतूर, जुन्नर, पार घोडेगाव-मंचरपर्यंत गेली. ज्याला पाळायला द्यायचं त्याला नाना आधी खड्डा खणायला सांगायचे. आरती मॅडम दर वर्षी कॉलेजची पोरं घेऊन यायच्या. पोरांना दात रत्ना दाखवायची, आणि नाना पिल्लांचं सांगायचे. बाहेरून परीक्षेला बसून बी.ए. तरी कर, असं मॅडमनी रत्नाच्या डोक्यात भरवलं, आणि कपिलनं फॉर्म आणून दिला. ती पास झाली आणि गावच्या अंगणवाडीत लागली.

चहाच्या टपरीवर नानांचा एक विषय ठरलेला असायचा. सयाजीराव म्हणून गावातले मोठे शेतकरी होते, नानांच्याच वयाचे. शाळेत असताना दोघं वेगळ्या ओळींत बसलेले. ते एकदा म्हणाले, "नाना, माणसाची जात एकच, हे तुला मॅडमनं सांगितलं का सशानं?"

"दोघांनी मिळून," नाना म्हणाले.

सयाजीराव हसले. मग म्हणाले, "खरंय म्हणा." आणि दोघांच्याही चहाचे पैसे त्यांनीच दिले.

सयाजीरावांचा मुलगा भरत फौजेत होता, लडाखला. दोन हजार सहाच्या सुट्टीत तो नानांचे ससे बघायला आला आणि सांगू लागला, "नाना, आमच्या पोस्टपाशी दगडांत एक बारकं जनावर असतंय. उंदराएवढं, गोल कानांचं, शेपूट न्हाईच. काही दगडांच्या सांदीत राहतात, काही बिळं करतात. आन उभं राहून शिट्टीसारखं वरडतंय."

पुढच्या वेळी मॅडम आल्या तेव्हा नानांनी विचारलं. मॅडमचा चेहरा खुलला. "तो पिका. सशांच्या गणातलाच, फक्त कुल दुसरं. मी स्वतः अजून बघितलेला नाही."

"एवढ्या थंडीत?"

"एवढ्या थंडीत."

नानांनी ते भरतला फोनवर कळवलं. त्याला बिस्किटं वगैरे काही घालू नका, रानातलं रानात राहू द्या, हेही सांगितलं. पलीकडून भरत म्हणाला, "नाना, इथं आमालाच बिस्किटं पुरत न्हाईत."

वैशाखातल्या दुपारी आता नाना घरात झोपत नाहीत. शेवग्याखाली गोधडी टाकतात. तिथं पाचटाखालची माती ओली असते, आणि जमिनीला कान लावला तर खाली कुणीतरी मातीत हळूहळू उकरत असल्याचं ऐकू येतं. जानकाबाई शेतातून लसूणघासाचा भारा घेऊन येतात, तो पाइपाच्या तोंडाशी सोडतात, आणि नानांना उठवत नाहीत.